झाडून सगळे

४ जानेवारी

प्रिय खोडरबर,

अकरा वर्षांनी पत्र येतंय आणि तेही कामाचं, म्हणून लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. आधी पूर्ण वाच, मग घाल.

अण्णांच्या इंग्रजी-मराठी समानार्थी कोशाची दुसरी आवृत्ती निघते आहे. अण्णा गेल्यापासून संपादक म्हणून माझीच सही चालते. पहिल्या आवृत्तीत काय घोळ झाला तो तुला ठाऊकच आहे. ‘कॉम्प्रिहेन्ड’नंतर थेट ‘कॉम्प्रेस’. मधला ‘कॉम्प्रिहेन्सिव’ गायब. साडेनऊशे पानांत ‘सगळं सामावून घेणारा’ हा शब्द तेवढा मावला नाही. एक निवृत्त मुख्याध्यापक दरवर्षी न चुकता पत्र टाकतात आणि पाकिटावर ‘सर्वसमावेशक कोशाच्या संपादकांस’ असं लिहितात. टपालवाला आता ते वाचून हसतो.

त्या शब्दाच्या कार्डांची गड्डी तेव्हा हरवली. कशी हरवली, त्यात आता शिरायला नको.

तू राहतोस तिथे दिवसभर इंग्रजीच कानावर पडत असणार. तेव्हा ‘कॉम्प्रिहेन्सिव’ आणि त्याचे भाऊबंद जिथे ऐकशील तिथे टिपून पाठवशील का? नियम अण्णांचेच. वाक्य जसं ऐकलं तसं. कोण बोललं, कुणाला, कुठे. तारीख. एका कार्डावर एकच वाक्य. मनाने रचलेली वाक्यं चालणार नाहीत. कोरी कार्डं सोबत पाठवते आहे, म्हणजे कागद नव्हता ही सबब नको.

पत्ता मामेभावाकडून मिळवला. तू लिफ्ट दुरुस्त करतोस यापलीकडे त्यालाही काही सांगता आलं नाही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल. कार्डं तेवढी पाठव.

ताई

ता.क. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं एकमेकांशी बोलतात का रे? की सगळी वरचे आकडेच बघत उभी असतात?


१ फेब्रुवारी

प्रिय खोडरबर,

पाकीट मिळालं. पाच कार्डं मिळाली. पत्र मिळालं नाही. मीच तसं लिहिलं होतं, म्हणून तक्रार करायची सोय नाही. तरी पाकीट उलटं करून झटकलं, हे सांगून टाकते.

अक्षर अजून तसंच आहे, ‘र’ला शेपूट फुटलेलं. पाचव्या वर्षी अण्णांच्या शिसपेन्सिलीच्या नोंदी पुसून टाकल्यास म्हणून तुझं नाव खोडरबर पडलं. त्याच वयात लागलेली ही शेपटाची सवय मात्र कुणाला खोडता आली नाही.

पहिलं कार्ड मी दुपारच्या चहाला मराठी करून मोठ्याने वाचून दाखवलं. ‘देखभालीचा करार कॉम्प्रिहेन्सिव आहे, दोर, दार आणि मोटर त्यात येत नाही. – कंपनीचा विक्रेता, इमारतीच्या सेक्रेटरीला, तळमजला.’ चहावाल्या मावशींनी कप खाली ठेवला. “मग येतं काय त्यात? बटणं?” म्हणाल्या. तुला मावशी आठवतात ना? आता त्यांचे गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत आहे. जुळारीकाकासुद्धा अजून येतात. खिळे जुळवायचं काम संपून जमाना झाला. आता प्रुफं वाचतात आणि संगणकाला शिव्या घालतात.

दुसरं कार्ड: ‘तुमचं अज्ञान कॉम्प्रिहेन्सिव आहे. – मी, साहेबांना, मनातल्या मनात.’ मनातल्या मनात बोललेलं अण्णांच्या नियमात बसत नाही. तरी ठेवलं आहे.

मराठी प्रतिशब्दांवरून आमची रोज जुंपते. काकांना सगळीकडे ‘सर्वसमावेशक’ लावायचा आहे. मी म्हणते, माणसांची गोष्ट असेल तर ठीक, त्यात कुणाला तरी आत घ्यायचं असतं. ‘सर्वंकष’मध्ये घासणं आहे, चौकशी सर्वंकष असते, तीतून कुणी सुटत नाही. ‘सांगोपांग’ म्हणजे निवांत बसून, अंगं-उपांगांसकट. आणि ‘सरसकट’ आलं की समजावं, कुणीतरी कंटाळून निर्णय घेतलाय. मावशींचं म्हणणं, एवढं कशाला, ‘झाडून सगळे’ लिहा, लेकराला पण कळतं. मी तो शब्द कार्डावर घेतला नाही. का, ते नंतर बघू.

आता एक प्रश्न. पाचव्या कार्डावर आहे: ‘तुमचा कॉम्प्रिहेन्सिव वैद्यकीय अहवाल लागेल. – चष्मेवाल्या बाई, मला, टेबलापलीकडून.’ या बाई कोण? अहवाल कशाला? कोशाच्या दृष्टीने विचारते आहे. संदर्भ स्पष्ट नसला तर नोंद कच्ची राहते.

ताई


२६ फेब्रुवारी

प्रिय खोडरबर,

नऊ कार्डं आली. या खेपेला भाऊबंदही पाठवलेस, ‘एक्झॉस्टिव’, ‘थरो’, ‘कंप्लीट’. काम चोख आहे, वाखाणायला हवं. पण नऊपैकी सहा वाक्यं त्या चष्मेवाल्या बाईंची आहेत आणि माझ्या प्रश्नाला उत्तर नाही.

सहाही कार्डं मोठ्या टेबलावर तारखेप्रमाणे मांडली.

‘आधीच्या आजारांची एक्झॉस्टिव यादी द्या.’

‘तपासणी थरो असेल. कपाटंसुद्धा उघडून बघू.’

‘तुमच्या दिवसाचा कंप्लीट हिशेब हवा, उठल्यापासून झोपेपर्यंत.’

‘हे आयुष्यभराचं आहे, याची तुम्हाला पूर्ण कल्पना आहे ना?’

‘कुटुंबाची एक्झॉस्टिव यादी द्या. कुणालाही वगळू नका.’

आणि शेवटचं, ‘तुमच्यामागे कोण आहे? यादी कंप्लीट दिसत नाही. – त्याच बाई, मला. उत्तर दिलं नाही.’

आम्ही तिघं टेबलाभोवती उभे. काका म्हणाले, “पोलिसांचं प्रकरण दिसतंय. कपाटं दुसरं कोण उघडतं?” मावशी म्हणाल्या, “काहीतरीच तुमचं! लग्न जमतंय त्याचं. मुलीकडची माणसं चौकशी करतायत. आयुष्यभराचं म्हटलंय बघा.” काका म्हणाले, “मुलीकडची माणसं उठल्यापासून झोपेपर्यंतचा हिशेब मागतात?” मावशी म्हणाल्या, “माझ्या लेकीच्या वेळी मी मागितला होता.”

त्या दोघांचं चालू होतं आणि मला हसू येत नव्हतं. तीस वर्षं मी कार्डं वाचते आहे. वाक्य कुठून उचललंय ते वासावरून सांगते मी. ही वाक्यं इस्पितळातली आहेत. आजार, तपासणी, आयुष्यभराचं, मागे कोण आहे. मोठ्या ऑपरेशनच्या आधी कागदावर सही घेताना हे सगळं विचारतात. अण्णांच्या वेळी मला विचारलं होतं.

तुला काय झालंय? कोश राहू दे बाजूला. हे मी, ताई, विचारते आहे.

आणखी एक सांगायचं आहे. ती गड्डी सापडली. तुझ्या जुन्या टेबलाच्या खालच्या खणात होती. सगळी बेचाळीस कार्डं, दोरी बांधलेली, वर तुझ्या अक्षरात ‘तपासून झालं’. अलीकडेच सापडली.

उत्तर लगेच पाठव.

ताई


१४ मार्च

प्रिय खोडरबर,

उत्तर नाही. रोज टपालवाल्याच्या आधी मी फाटकाशी उभी असते आणि तो लांबूनच मान हलवतो.

गेल्या पत्रात ‘अलीकडेच’ असं लिहिलं, ते खोटं आहे. गड्डी सापडली डिसेंबरमध्ये. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा ती माझ्यासमोर टेबलावर होती. बेचाळीस कार्डं असताना मला आणखी कार्डं कशाला हवी होती? पत्र टाकायला कारण हवं होतं. ‘कसा आहेस’ असं लिहायला घेतलं की हात पुढे जात नव्हता.

आता मुळापासून सांगते. मध्ये थांबले तर परत धीर व्हायचा नाही.

तू गेलास त्या दिवशी मला तुझा इतका राग आला होता की तुझ्या टेबलाला कुलूप लावून मी किल्ली टाचण्यांच्या डब्यात टाकली. ‘सी’ची तपासणी अर्धी झालेली, अण्णांना मोतीबिंदू, आणि तू निघालास लिफ्टच्या दोरांना वंगण घालायला. तुला लोखंड आवडायचं, ते मला माहीत होतं. पण आपल्या दोघांपैकी एकालाच सुटता येणार होतं आणि तू विचारलंही नाहीस. याचा राग होता. अजून थोडा आहे.

मग छपाई झाली आणि शब्द गळाल्याचं कळलं. अण्णांनी विचारलं, गड्डी कुठे? मी म्हणाले, “त्यानेच नेली असणार.” एवढंच. तीन शब्द. पण अण्णांनी त्यावरून तुला ते पत्र लिहिलं, ‘गड्डी परत कर, मगच या घराची पायरी चढ.’ तू एका ओळीत उत्तर दिलंस, ‘माझ्याकडे नाही.’ ते पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे मान वळवली. तेव्हा मी उठून ते टेबल उघडू शकले असते. उघडलं असतं तर खरं काय ते कळलं असतं, म्हणूनच उघडलं नाही. अकरा वर्षं त्या टेबलावर मी वर्तमानपत्रांची रद्दी ठेवत होते. डिसेंबरमध्ये दुसऱ्या आवृत्तीसाठी जागा हवी म्हणून रद्दी हलवली, तेव्हा कुठे ते उघडलं.

अजून आहे. तो शब्द राहून गेला तरी पुस्तक बांधून बाजारात जायचं होतं. पहिल्या पानाचं काम तेवढं बाकी होतं, ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांच्या नावांचं. तुझ्यावर एवढे चिडलेले असूनही अण्णांनी यादी सांगताना तुझं नाव सांगितलं होतं. पहिलंच. मी लिहून घेत होते. ते मी लिहिलं नाही. त्यांना दिसत नव्हतं. यादीत काका आले, मावशी आल्या, बाइंडर आला, उंदरांपासून कार्डं राखणारं मांजर आलं. अण्णांनी विचारलं, “सगळे आले ना?” मी म्हणाले, “झाडून सगळे.”

मांजराचं नाव छापलं आणि तुझं नाही. अण्णांनीच काढलं, असं तुला वाटत असेल. आणि मी तसं वाटू दिलं.

मावशींनी तो शब्द सुचवला तेव्हा मी कार्ड का केलं नाही, हे आता कळलं असेल.

माफी मागते, पण तू ती दिलीच पाहिजेस असं नाही. तू आजारी आहेस का, एवढं कळव. दुसऱ्या कुणाकडून कळवलंस तरी चालेल. येण्याजोगी असेल तर मी येते. माझ्याकडे पासपोर्ट नाही, पण काढीन.

ताई


६ एप्रिल

प्रिय खोडरबर,

तू ठणठणीत आहेस!

पाकीट जाड होतं. फोडायला भीती वाटली म्हणून मावशींच्या हातात दिलं आणि मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. त्यांना वाचता येत नाही, हे दोघींनाही उशिरा आठवलं. शेवटी काकांनी वाचलं.

तेवीस कार्डं. सगळ्यात वरच्या कार्डावर वाक्यच नव्हतं. ‘ताई, पत्र लिहायला जमत नव्हतं, म्हणून कार्डांतून सांगत होतो. तुला कळेल असं वाटलं. तुला भलतंच कळलं.’ माझ्या तीस वर्षांच्या अनुभवाची तू चांगलीच शोभा केलीस. मावशी मात्र ऐटीत आहेत. लग्न नसलं तरी घरात माणूस यायचंय, हे त्यांनीच ओळखलं होतं, असं त्या दोन दिवस सगळ्यांना सांगतायत.

कार्डं परत परत वाचली. अनाथाश्रमाची जुनी लिफ्ट, दर महिन्याला तुझी फेरी, आणि प्रत्येक वेळी दारात उभी राहून ‘हे बटण कशाला?’ विचारणारी सात वर्षांची मुलगी. ‘हे काळं काय आहे? – ती, मला. वंगण. – मी. ते खाल्लं तर? – ती.’ यात आपला शब्द कुठेच नाही रे! नियम सगळे धाब्यावर बसवलेस. ती बोलायला लागली की तिला थांबवायला बटण नाही, असं तू लिहिलंस. लहानपणी अण्णा अगदी हेच तुझ्याबद्दल म्हणायचे.

तर चष्मेवाल्या बाई दत्तक-कार्यालयातल्या. आरोग्य तपासलं, कपाटं उघडली, दिवसाचा हिशेब घेतला, सगळं पास. अडलं ते कुटुंबाच्या यादीशी. तू एकटा, रोज उंचावर चढणारा. उद्या तुझं काही झालं तर मुलीचं कोण? यादी कोरी असेल तर मुलगी मिळणार नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. पंचवीस मार्चपर्यंतची मुदत. आणि माझं चौदा तारखेचं पत्र तुझ्या हातात पडलं बावीसला.

शेवटचं कार्ड माझ्यासमोर आहे. ‘आता यादी कंप्लीट आहे का? – त्याच बाई, मला. हो. – मी. यादीत एकच नाव. बहीण.’

मी वगळलं आणि तू लिहिलंस. ते पत्र वाचल्यानंतर लिहिलंस. मला रडू आलं, आणि काकांनी माझ्याकडे पाठ करून संगणकाला शिव्या घातल्या.

कार्यालयाचा फॉर्मही आजच आला. उत्तर काय पाठवते ते तुलाही कळवीन, तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही.

ताई


१९ एप्रिल

प्रिय खोडरबर,

फॉर्म आज टपालात टाकला. सोळा प्रश्न होते. पंधरा सोपे. तुझी लहानपणीची खोडी कोणती, रागावलास की काय करतोस, मुलांशी कसा वागतोस. रागावलास की अबोला धरतोस आणि तो अकरा वर्षं टिकतो, असं लिहून मग खोडलं. त्यांना विनोद कळेल याचा भरवसा नाही.

सातवा प्रश्न असा: ‘अर्जदाराशी तुमचा अकरा वर्षं संबंध का नव्हता? कॉम्प्रिहेन्सिव उत्तर द्या.’

पाहिलंस? अकरा वर्षं हुकलेला शब्द शेवटी असा समोर येऊन उभा राहिला. गोलमोल लिहिता आलं असतं. ‘अंतरामुळे’, ‘कामाच्या व्यापामुळे’. समानार्थी शब्दांचा तर माझ्याकडे कारखाना आहे. पण उत्तर अर्धवट राहिलं तर दोष तुझ्या पदरात पडेल. बहिणीनेही टाकलेला माणूस, यानेच काहीतरी केलं असणार, असं त्या बाईंना वाटेल. आणि त्यात नुकसान होईल ते त्या मुलीचं.

म्हणून जे तुला लिहिलं तेच लिहिलं. कुलूप, किल्ली, तीन शब्द, वडिलांची यादी. ‘माझ्या भावाने काही नेलं नव्हतं. चोरीचा आळ मी घातला, तो खोटा होता हे उघड होऊ दिलं नाही, आणि त्याचं नाव मी गाळलं. त्याने माझं गाळलं नाही. उद्या त्याचं काही झालं तर ती मुलगी माझी.’ इंग्रजी काकांनी तपासलं. एक स्वल्पविराम बदलला. संध्याकाळी निघताना म्हणाले, “अण्णा असते तर कार्ड केलं असतं याचं.”

परक्या बाईंना हे सगळं लिहिताना लाज वाटली. टाकून आल्यावर भूक लागली, सडकून.

पासपोर्टचा अर्ज केला आहे. फोटोत मी अट्टल गुन्हेगार दिसते.

ताई


११ जून

प्रिय खोडरबर,

कार्ड मिळालं. एकच होतं आणि अक्षर तुझं नव्हतं. मोठी मोठी, रेघेबाहेर पडणारी अक्षरं, आणि ‘र’ला शेपूट. हे तूच शिकवलंस ना?

‘आपण तिघं. – मी, बाबाला, लिफ्टमध्ये. पाच जून, दुपारी.’

मागच्या बाजूला तू बारीक अक्षरात लिहिलंस, की मंजुरीचा कागद घेऊन दोघं खाली येत होता आणि लिफ्टमधल्या पाटीवर ‘सहा माणसं’ वाचून तिने विचारलं, आपण किती? तू म्हणालास, दोन. ती म्हणाली, तीन. तिसरं कोण, तर जिचं पत्र तू तिला वाचून दाखवलंस ती. मांजराचं नाव छापणारी.

ते कार्ड मी ‘कॉम्प्रिहेन्सिव’च्या गड्डीत सगळ्यात वर ठेवलं. त्यात तो शब्द नाही, काकांनी आक्षेप घेतला, मावशींनी काकांना गप्प केलं. आता नोंदीखाली मराठी प्रतिशब्द पाच आहेत आणि पाचवा ‘झाडून सगळे’.

पहिल्या पानाचं प्रूफ सोबत आहे. अण्णांनी सांगितलं होतं तसं तुझं नाव पहिलं लावणार होते, पण कार्डामागेच तू लिहिलंस की मांजराच्या खाली लाव, ते तुझ्याआधी कामावर रुजू झालं होतं. म्हणून मांजराच्या खाली लावलं आहे. तुझ्या खाली एक ओळ मोकळी सोडली आहे. शेवटचं कार्ड जिने लिहिलं तिचं नाव तिथे तिला स्वतःलाच घालू दे, शेपटासकट.

शेवटची तपासणी करायचं काम तुझंच होतं. यादी वरपासून खालपर्यंत नीट वाच आणि परत पाठव. या वेळी मी कुणाला काही सांगणार नाही. सगळे आले का, ते तू सांग.

ताई